हाताने बनवलेल्या लिपबामची ट्यूब कोणी उघडली तर ते कळावे, यासाठी सील कसे करावे?

रातांबा:

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यात आम्ही सात जणी कोकमतेल, मधमाश्यांचे मेण आणि खोबरेल यांपासून लिपबाम तयार करतो. आमच्या छोट्या युनिटला सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादनाचा परवाना आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे चर्चा त्या वाटेने जाणार नाही. माल दोन प्रकारांत जातो: साडेचार ग्रॅमची, तळाची चकती फिरवली की बाम वर येतो अशी पॉलिप्रॉपिलीनची पांढरी ट्यूब, आणि दहा ग्रॅमची ॲल्युमिनियमची चपटी डबी. ट्यूबचे झाकण ओढून निघते आणि ते ट्यूबच्याच जाडीचे आहे, म्हणजे सांध्यावर पायरी नाही. डबीचे झाकण नुसते दाबून बसते, त्याला आटे नाहीत.

गेल्या हिवाळ्यात पुण्यातील एका प्रदर्शनात आम्ही चार दिवस स्टॉल लावला होता. लोक ट्यूब उचलतात, झाकण काढतात, हुंगतात, चकती फिरवून पाहतात, आणि काही जण तर सरळ ओठांना लावून ‘वास छान आहे हो’ असे म्हणत ती परत जागेवर ठेवतात. त्यांच्या मनात वाईट काही नसते. शेंगदाणे घेण्याआधी दोन तोंडात टाकून पाहावेत, तितक्याच सहजपणे ते होते. पण घरी आल्यावर शिल्लक राहिलेल्या ६३ ट्यूब तपासल्या, तेव्हा ११ ट्यूबमधल्या बामचा माथा घासलेला निघाला. त्या आम्ही बाद केल्या. त्याहून मनाला लागले ते एका ताईंनी आठवड्याभराने पाठवलेले छायाचित्र: त्यांनी पैसे देऊन घेतलेल्या नव्या डबीत कोणाच्या तरी बोटाचा ठसा स्पष्ट उमटलेला होता. पैसे परत केले, दुसरी डबीही पाठवली, पण त्यांनी ती वापरली असेल असे मला वाटत नाही.

माझे प्रश्न असे. ट्यूबसाठी प्लास्टिकची श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आकसून घट्ट बसणारी पातळ नळी) घ्यावी की झाकणाच्या सांध्यावर येणारे स्टिकर? स्लीव्हला गरम हवा द्यावी लागते, मग आतला बाम वितळणार नाही का? काढल्यावर ‘व्हॉइड’ अशी अक्षरे मागे सोडणारे चंदेरी स्टिकर आम्ही मागवून पाहिले, पण ते ट्यूबवरून अखंड निघून आले आणि मागे एकही अक्षर राहिले नाही. आमचे काही चुकले का? महिन्याला साधारण आठशे नग होतात आणि सगळे काम हातानेच होते, हे लक्षात घेऊन सुचवावे.

छापखाना:

ताई, तुमचे काही चुकलेले नाही. मी लेबल छपाईच्या व्यवसायात आहे आणि ‘अक्षरे उमटली नाहीत’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा माल पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीनच्या डब्यांतलाच असतो. हे प्लास्टिक चिकट पदार्थाला धरून ठेवत नाही. अळवावरचे पाणी जसे नुसते घरंगळते, तसाच साधा गोंद त्याच्या पृष्ठभागावर पसरायला नाखूश असतो. व्हॉइड स्टिकरमध्ये दोन पकडींची स्पर्धा असते. एक पकड गोंदाची आणि वस्तूची, दुसरी स्टिकरच्या पोटातल्या छापील थराची आणि वरच्या फिल्मची. पहिली पकड दुसरीपेक्षा घट्ट असेल, तरच फिल्म सुटते आणि अक्षरे मागे राहतात. पॉलिप्रॉपिलीनवर पहिलीच पकड ढिली पडते आणि स्टिकर सगळा संसार घेऊन उठतो. तेच स्टिकर तुमच्या ॲल्युमिनियमच्या डबीवर, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतल्यावर, लावून पाहा. तिथे अक्षरे उमटण्याची शक्यता पुष्कळ जास्त आहे. मात्र लावल्या लावल्या ओढून पाहू नका. दाबाने चिकटणारा गोंद पूर्ण पकड घ्यायला किमान २४ तास घेतो, त्यामुळे दहा मिनिटांनी घेतलेली चाचणी कोणत्याही स्टिकरवर अन्यायच करते.

ट्यूबसाठी माझा सल्ला असा की स्टिकरची ताकद गोंदात शोधण्याऐवजी कागदाच्या अशक्तपणात शोधावी. स्टिकरचा कागद गोंदापेक्षा आधी फाटला पाहिजे. त्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे मुख्य लेबलच इतके उंच कापायचे की ते ट्यूबच्या अंगावरून वर जाऊन झाकणाच्या खालच्या दहाबारा मिलिमीटर भागावर चढेल, आणि नेमक्या सांध्यावर छिद्रांची रांग, म्हणजे परफोरेशन, येईल. झाकण ओढले की लेबल त्या रांगेवर फाटते, वरचा भाग झाकणासोबत जातो आणि खालचे लेबल शाबूत राहते. दिसायला हा मार्ग सर्वांत देखणा आहे, परंतु हाताने काम करणाऱ्यांसाठी त्यात एक खोडा आहे. छिद्रांची रांग सांध्यापासून एकदीड मिलिमीटर जरी सरकली, तरी लेबल फाटण्याऐवजी झाकणावरून सोलून निघते आणि पुन्हा दाबून बसवता येते. तो मार्ग घ्यायचाच असेल तर लाकडाच्या ठोकळ्यात व्ही आकाराची खाच पाडून घ्या आणि एका टोकाला अडणी ठोका. ट्यूबचे झाकण अडणीला टेकवून ठेवले आणि लेबलची कड ठोकळ्यावरच्या रेघेला लावली की प्रत्येक वेळी सांधा एकाच जागी येतो. सुतार हे अर्ध्या तासात करून देईल.

दुसरा मार्ग कमी देखणा, पण तुमच्या संख्येला सोयीचा आहे. मुख्य लेबल आहे तसेच राहू द्या आणि सांध्यावर पातळ, ठिसूळ कागदाची वेगळी छोटी पट्टी लावा. पट्टीच्या दोन्ही कडांना कात्रीने मारल्यासारखे छोटे तिरके काप छपाईतच घालून मिळतात, त्यामुळे ती नखाने अखंड सोलू पाहणाऱ्याच्या हाती तुकडेच येतात. अंड्याच्या कवचासारखे भुगा होणारे व्हिनाइलही मिळते, पण ते हाताळताना मूळ कागदावरून काढतानाच तुटते आणि आठशे नगांत तुमच्या मैत्रिणी वैतागतील.

मापांबद्दल एक गोष्ट सांगतो. साडेचार ग्रॅमची ट्यूब साधारण १६ मिलिमीटर व्यासाची असते, म्हणजे तिचा परीघ ५० मिलिमीटरच्या आसपास भरतो. पूर्ण वेढा देणारे लेबल ५४ मिलिमीटर रुंद घ्या, म्हणजे तीनचार मिलिमीटरचा पदर एकमेकांवर येईल. हा पदर फार महत्त्वाचा आहे, कारण कागद कागदाला जितका घट्ट धरतो तितका तो प्लास्टिकला धरत नाही. शेवटी ऑर्डर देण्याआधी आपल्या ट्यूबचा परीघ दोऱ्याने मोजा. पुरवठादार बदलला की व्यास अर्ध्या मिलिमीटरने सहज बदलतो.

आणि चकतीवर लेबल चढवू नका. ती अडली की गिऱ्हाईक जोर लावते आणि आतला दांडा तुटतो.

घाटावरची:

सील कराच, पण स्टॉलवर एक उघडी ट्यूब ‘वास घेऊन पाहण्यासाठी’ अशी पाटी लावून ठेवा, आणि लावून पाहायचे असेल त्यांच्यासाठी लाकडी काड्या आणि एक उघडी डबी ठेवा. हुंगायला काहीच मिळाले नाही तर लोक सील फोडतील, आणि मग त्याच ११ ट्यूब तुम्ही सीलसकट बाद कराल. काडी एकदाच वापरायची, हे मात्र स्टॉलवरच्या व्यक्तीने डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

ऊनवारा:

मी नागपूरची आहे आणि श्रिंक स्लीव्हचा प्रयोग मी दोन उन्हाळे केला आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहिते.

बाम वितळतो का, याचे उत्तर तुमच्या घाण्यात मेण किती आहे आणि हवा किती वेळ दिली, यावर ठरते. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, कोकमतेल ४० अंशांच्या आसपास आणि खोबरेल तर २४–२५ अंशांनाच. मिश्रण या सर्वांच्या मध्ये कुठेतरी मऊ पडू लागते. स्लीव्ह पीव्हीसीची असेल तर ती साधारण ६० ते ७० अंशांना आकसू लागते. पॉलिओलेफिनच्या फिल्मला त्याहून बरीच अधिक उष्णता लागते, त्यामुळे लिपबामसाठी ती मागवू नये. आकडे पाहिले तर भीती वाटते, पण ट्यूबचे प्लास्टिक उष्णता हळू आत जाऊ देते आणि स्लीव्ह आकसायला दोनतीन सेकंद पुरतात. माझे नुकसान झाले ते नेहमी एकाच ठिकाणी, बामच्या माथ्यावर. ट्यूब काठोकाठ भरलेली असली की बामचा माथा नेमका सांध्याच्या पातळीवर असतो आणि गरम हवा तिथेच मारली जाते. वरची चकाकी जाते, घुमट एका बाजूला कलतो आणि गिऱ्हाइकाला वाटते की हा आधीच वापरलेला आहे. म्हणजे ज्या संशयाच्या निवारणासाठी सील केले, तोच संशय सीलमुळे निर्माण होतो.

यावर मी तीन गोष्टी केल्या. बाम ओतल्यावर पूर्ण एक रात्र थांबू लागले. ट्यूब काठाच्या दोनएक मिलिमीटर खालपर्यंतच भरू लागले. आणि हीट गन एका जागी धरण्याऐवजी ट्यूब भोकांच्या लाकडी फळीत उभी करून फळीच फिरवू लागले. आधी ट्यूब फ्रिजमध्ये थंड करून पाहिल्या होत्या, पण बाहेर काढताच त्यांच्यावर दव जमते आणि स्लीव्हच्या आत पाण्याचे थेंब अडकतात. ते अजिबात करू नये. स्लीव्हची सपाट रुंदी परिघाच्या निम्म्याहून दोनतीन मिलिमीटर अधिक, म्हणजे तुमच्या ट्यूबला २७ किंवा २८ मिलिमीटर, लागेल. फाडण्यासाठी उभी छिद्ररांग असलेलीच घ्या, नाही तर लोक दातांनी फाडतात.

एवढे करूनही मी स्लीव्ह सोडली. कारण साधी पारदर्शक स्लीव्ह कोणीही विकत आणू शकते आणि घरच्या हेअर ड्रायरने पुन्हा चढवू शकते, आणि छापील स्लीव्ह करून घ्यायची तर किमान नगसंख्या माझ्या वर्षभराच्या मालाहून जास्त होती. शिवाय मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की कुरियरच्या गाडीत बाम घामेजतो, म्हणजे त्यातून तेल सुटते. ते तेल सांध्यातून बाहेर आले की स्लीव्हखाली पसरते आणि कितीही चांगले सील असले तरी ट्यूब उघडून बंद केल्यासारखी दिसते. उन्हाळी घाण्यात मेण वाढवणे, हाच त्यावर खरा इलाज ठरला.

रातांबा:

सर्वांचे मनापासून आभार. छापखाना, व्हॉइड स्टिकरचे कोडे तुमच्यामुळे सुटले. ऊनवारा ताई, काठोकाठ भरण्याची चूक आमचीही होते आहे. डबीबद्दल कोणी सांगेल का? आणि पुठ्ठ्याच्या, खालून ढकलून वर येणाऱ्या ट्यूबचा विचार आमच्यातल्या दोघी करत आहेत. तिथे कोणते सील चालेल?

छापखाना:

तुमच्या डबीचे झाकण दाबून बसणारे आहे, हीच तिथली मुख्य अडचण आहे. झाकणावरून बाजूने खाली येणारी एकच पट्टी लावली तर ती बिजागरीसारखी वागते: पट्टीच्या समोरच्या बाजूने झाकण उचलले की बोट आत जाण्याइतकी फट होते आणि पट्टीला धक्काही लागत नाही. तुमच्या त्या ताईंची डबी अशाच प्रकारे उघडली गेली असेल असे म्हणत नाही, पण एकाच पट्टीने ती थांबली नसती. समोरासमोर दोन पट्ट्या लावा, किंवा सांध्याभोवती पूर्ण वेढा देणारी एक अरुंद पट्टी लावा. आट्याचे झाकण असलेली डबी घेतली तर एक पट्टीही पुरते, कारण झाकण फिरवताच पट्टी पीळ पडून फाटते.

पुठ्ठ्याच्या ट्यूबला मात्र महागड्या साहित्याची गरजच नाही. कागदाचे साधे स्टिकर पुठ्ठ्यावर एक दिवस राहिले की ते काढताना पुठ्ठ्याचा वरचा पापुद्रा घेऊन येते, आणि ती जखम लपवता येत नाही. तिथे चिंता दुसरीच आहे. पुठ्ठ्याला आतून तेलरोधक थर नसेल तर काही आठवड्यांत तेल बाहेर झिरपते आणि स्टिकर स्वतःहून सुटते. तेव्हा नमुन्याच्या ट्यूब भरून महिनाभर उबदार जागी ठेवून पाहिल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

जर्सीकर:

मी न्यू जर्सीत राहतो आणि माझी पत्नी इथल्या शनिवारच्या शेतकरी बाजारात हाताने केलेले लिपबाम विकते, म्हणून या विषयाशी आमचा रोजचा संबंध येतो. इकडच्या नियमांतल्या दोन कल्पना तुम्हाला तिकडे, कोणतीही सक्ती नसतानाही, उपयोगी पडतील असे वाटते.

१९८२ च्या शरद ऋतूत शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड भरले, त्या बाटल्या दुकानांच्या फळ्यांवर होत्या, आणि सात जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चिठ्ठीविना मिळणाऱ्या औषधांच्या वेष्टनाचे नियम केले. सौंदर्यप्रसाधनांपैकी त्यात आली ती चूळ भरण्याच्या द्रवांसारखी तोंडाच्या स्वच्छतेची द्रव उत्पादने आणि योनिमार्गासाठीची उत्पादने. लिपबाम त्या यादीत नाही. तरीही आम्ही त्या नियमांचा मजकूर काढून वाचला. पहिली कल्पना अशी की सील वैशिष्ट्यपूर्ण असावे, म्हणजे त्यावर नाव, नक्षी किंवा चिन्ह असे काही असावे, जेणेकरून फोडलेल्या सीलच्या जागी बाजारातून आणलेले दुसरे लावता येणार नाही. ऊनवारा ताईंनी पारदर्शक स्लीव्हबद्दल जे अनुभवाने लिहिले, ते तिथे नियम म्हणून लिहिलेले आहे. दुसरी कल्पना आम्हाला सुचलीच नसती: सीलबद्दलची सूचना सीलवर छापायची नाही. ती अशा जागी असावी की सील फाटले किंवा मुळातच नसले, तरी ती सूचना वाचता यावी. सीलवरच ‘सील फाटले असल्यास घेऊ नये’ असे लिहिले आणि कोणी ते सील सबंध काढूनच टाकले, तर पुढच्या गिऱ्हाइकाला इथे काही होते हेच कळत नाही.

म्हणून आमच्या ट्यूबच्या अंगावरच्या लेबलवर एक ओळ असते. मराठीत ती अशी होईल: ‘झाकणाच्या सांध्यावर हिरवी पट्टी आहे. ती नसल्यास किंवा फाटलेली असल्यास ही ट्यूब घेऊ नये.’ पट्टीचा रंग मुद्दाम लिहिला आहे. नुसते ‘सील पाहून घ्या’ म्हटले तर लोक काय पाहायचे हे न कळून मुख्य लेबलकडेच पाहतात.

एक गंमत म्हणून सांगतो. १९९८ साली याच नियमांतल्या औषधांच्या भागात ‘छेडछाड रोखणारे’ हा शब्द बदलून ‘छेडछाड उघड करणारे’ असा करण्यात आला. सोळा वर्षांनी का होईना, कागदाच्या पट्टीकडून काय अपेक्षा ठेवायची हे सरकारी भाषेतही उतरले.

भिरंडेल:

मला हा सगळाच खटाटोप थोडा अतिरेकी वाटतो, हे स्पष्टपणे लिहितो. आमच्याकडे कोकमतेलाचा गोळा घरोघरी असायचा. थंडीत ओठ आणि टाचा फुटल्या की तो निखाऱ्यावर जरासा धरून लावायचा आणि परत फडताळात ठेवायचा. साडेचार ग्रॅम बामभोवती प्लास्टिकची ट्यूब, तिच्यावर प्लास्टिकचे लेबल आणि त्यावर पुन्हा प्लास्टिकची स्लीव्ह, हे त्या पदार्थाशी सुसंगत नाही. हाताने बनवलेली वस्तू म्हणून लोक तुमच्याकडे येतात आणि तुम्ही तिला औषधाच्या दुकानातल्या गोळ्यांसारखी करता आहात. फार तर ट्यूब कागदी खोक्यात घाला आणि खोक्याची दोन्ही तोंडे गोंदाने चिकटवा. खोके फाडल्याशिवाय ट्यूब मिळणार नाही आणि सगळा प्रश्न कागदात सुटेल.

रातांबा:

भिरंडेल, तो गोळा आमच्याही घरी होता, आणि तो घरच्यांनीच वापरायचा होता. अनोळखी माणसाच्या ओठांवरून आलेला गोळा आजीने कोणाला दिला नसता. पण प्लास्टिकबद्दलचा तुमचा मुद्दा मान्य आहे. खोक्याची सूचना चांगली आहे. अडचण एवढीच की खोक्यातली ट्यूब स्टॉलवर दिसत नाही आणि लोक खोकेच उघडू लागतात. ऑनलाइन जाणाऱ्या मालासाठी मात्र खोके करून पाहणार आहोत.

नियमवही:

परवान्याचा विषय ताईंनी आधीच बाजूला ठेवला आहे, त्यामुळे त्यात शिरत नाही. मात्र सील आणि लेबल यांची सांगड घालताना एक चूक मी पुष्कळ छोट्या उत्पादकांकडे पाहिली आहे: जागा वाचवण्यासाठी बॅच क्रमांक आणि ‘यापूर्वी वापरावे’ची तारीख सीलच्या पट्टीवर छापली जाते. पट्टी फाटून कचऱ्यात गेली की ती ट्यूब कोणत्या घाण्यातली, हे सांगणारे काही उरत नाही. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० यांनुसार लागणारी माहिती, म्हणजे उत्पादनाचे नाव, उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, मुदतीचा महिना आणि वर्ष ही सगळी, फाटणार नाही अशा भागावरच हवी. परफोरेशनचे लेबल असेल तर ती छिद्ररांगेच्या खाली यावी.

लहान पॅकसाठी नियमांत सवलती आहेत. घन किंवा अर्धघन प्रसाधन १० ग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तर बॅच क्रमांकाची सक्ती नाही, आणि ३० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर घटकांची यादी छापलीच पाहिजे असे नाही. माझे मत विचाराल तर या दोन्ही सवलती घेऊ नयेत. एखाद्या गिऱ्हाइकाने सील फुटलेली ट्यूब परत पाठवली, तर ती तुमच्याकडून निघताना शाबूत होती की नाही, हे शोधायला बॅच क्रमांकाशिवाय दुसरा धागा नसतो. प्रत्येक बॅचमधल्या दोन सीलबंद ट्यूब मुदत संपेपर्यंत कपाटात ठेवा आणि नोंदवहीत सील लावणारीचे नाव, तारीख आणि पट्टीच्या रोलचा क्रमांक लिहा. घटकयादी तर लोक स्वतःहून विचारतात. मेण मधमाश्यांचे आहे हे कळल्यावर न घेणारेही असतात, आणि त्यांना ते आधीच कळलेले बरे.

आणि सील आहे म्हणून ‘शुद्ध’, ‘निर्जंतुक’ असे शब्द लेबलवर घालण्याचा मोह टाळा. पट्टी फक्त एवढेच सांगते की ती लावल्यानंतर कोणी झाकण काढलेले नाही.

ऊनवारा:

चाचणीबद्दल एक सूचना राहिली होती. सील दोन प्रकारे फसते. एकतर ते खूण न ठेवता उघडते, नाहीतर कोणी हात न लावता आपणहून सुटते. लोक पहिल्याचीच चाचणी घेतात. दुसऱ्यासाठी दहा नग पिशवीत सुटे भरून स्कूटरच्या डिकीत आठवडाभर फिरवा, दहा नग खिडकीत उन्हात ठेवा, आणि तुमच्याकडे तर पावसाळा आहेच, त्या दिवसांत दहा नग उघड्यावर ठेवा. कोकणातल्या दमट हवेत कागदाच्या कडा वळू लागतात. पहिल्या प्रकारासाठी घरातल्या सर्वांत उपद्व्यापी मुलाला दहा ट्यूब द्या आणि सांगा की कोणाला कळू न देता उघडून दाखव.

रातांबा:

सहा आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे, कारण तुमच्या सूचनांचे काय झाले ते कळवायला हवे.

आम्ही चार प्रकार करून पाहिले. व्हॉइड स्टिकर एक दिवस थांबून पुन्हा तपासले: ट्यूबवर दहापैकी नऊ स्वच्छ निघाले, डबीवर दहाच्या दहांनी अक्षरे सोडली. श्रिंक स्लीव्ह ऊनवारा ताईंच्या पद्धतीने, ट्यूब थोडी रिकामी ठेवून केली. बाम शाबूत राहिला, पण वीस ट्यूब झाल्यावर हात इतके भाजले की कोणी पुढे व्हायला तयार होईना. परफोरेशनचे लेबल सुताराने केलेल्या ठोकळ्यावर छान बसले आणि आम्हा सगळ्यांना तेच आवडले, परंतु त्याच्या डायचा, म्हणजे लेबल कापण्याच्या साच्याचा, आणि किमान छपाईचा खर्च आत्ता झेपणारा नाही. शेवटी ट्यूबसाठी कापांची कागदी पट्टी ठरली. ती १२ मिलिमीटर रुंद आहे, पूर्ण वेढा देऊन तीन मिलिमीटरचा पदर येतो, आणि तिच्यावर लाल रातांब्याचे छोटे चित्र आमच्यातल्या एकीच्या मुलीने काढून दिले आहे. उपद्व्यापी मुलाची भूमिका माझ्या भाच्याने केली. त्याने दहापैकी एक ट्यूब कोणतीही खूण न ठेवता उघडली. कशी, ते विचारल्यावर म्हणाला की पदर सरळ बसलाच नव्हता. आता पदर सर्वांत शेवटी वाटीच्या बुडाने दाबून बसवतो.

पावसात ठेवलेल्या दहांपैकी दोन पट्ट्यांच्या कडा उचलल्या गेल्या. त्या दोन्ही ट्यूब आम्ही पट्टी लावण्याआधी पुसायच्या विसरलो होतो आणि त्यांच्यावर बोटांचे तेल होते. त्यामुळे आता बाम ओतणाऱ्या दोघी पट्टी लावायला बसत नाहीत. ते काम दुसऱ्या दोघी कोरड्या हातांनी करतात.

डबीला सध्या समोरासमोर दोन व्हॉइड पट्ट्या आहेत आणि पुढच्या खेपेला आट्याच्या डब्या मागवल्या आहेत. पट्टीचा रंग सांगणारी ओळ जर्सीकरांच्या सूचनेप्रमाणे अंगावरच्या लेबलवर घेतली, बॅच क्रमांक तिच्याखाली.

एक गोष्ट मात्र आमच्या कोणाच्याही लक्षात आली नव्हती. आमच्यातल्या सर्वांत वयस्कर काकूंना नवी ट्यूब दिली, तेव्हा त्यांना ती उघडताच येईना. नखे कापलेली होती आणि पट्टीची कड सापडत नव्हती. त्यांनी शेवटी विळीवर कापली. म्हणून आता पट्टीच्या टोकाला पाच मिलिमीटरचा भाग गोंदाविना ठेवून मिळेल का, असे छपाईवाल्यांना विचारले आहे. छापखाना, असे शेपूट ठेवले तर पदराची पकड कमी होईल का, एवढे तुम्ही सांगाल तर ऑर्डर देऊन टाकते.

छापखाना:

होणार नाही, पण पदर तीनऐवजी आठ मिलिमीटर घ्या: आधी तीन मिलिमीटर गोंद आणि मग पाच मिलिमीटरचे कोरडे शेपूट. शेपटाच्या मुळाशी दोन्ही कडांना एकेक काप ठेवायला सांगा, म्हणजे ओढताच पट्टी तिथून फाटेल, सोलली जाणार नाही. पहिल्या रोलमधल्या पन्नास पट्ट्या लावून काकूंच्या हाती द्या आणि मग उरलेली छपाई करा.